भाच्यांचं शिबिर

३ मे, रविवार

उन्हाळी शिबिराची पुस्तकं वाचून शिबिर काढायला निघालेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आपली घोर फसवणूक झाली आहे! (रोजनिशीतही भाषण सुटत नाही. असो.) पिवळं पुस्तक सांगतं, दुपारी मुलांना ओल्या गवतावर अनवाणी चालवा. मे महिन्यात. दुपारी! लेखकाने एकदा नेरच्या बस स्टँडवर बारा वाजता चप्पल काढून दाखवावी, मी जाहीर सत्कार करीन.

जाड पुस्तक त्यातल्या त्यात शहाणं. एक दोरी आणि तीस मुलं, एवढ्यावर नऊ खेळ. शिवाय नोंदणी महिनाभर आधी करा म्हणतं. केली. चौतीस नावं, पालकांच्या सह्यांसह. वाचनालयाचे अध्यक्ष भाऊसाहेब यांनी त्या यादीवरच हॉल दिला, सकाळी सात ते दहा. उद्या सुरू.

४ मे

चौतीसपैकी पाच आले. बाकीचे मामाकडे. सगळे! परीक्षा संपली की पोर मामाच्या गावाला जातं, हे या तालुक्यात बैलालाही ठाऊक आहे. मला सुचलं नाही, कारण जाड पुस्तकात नव्हतं. वर यादीतलं पहिलं नाव जुई, माझीच मुलगी. तिला परवा कळंबच्या एसटीत मीच बसवलं, भावाला फोन करून.

हे पोट धरून हसले. "स्वतःची पोरगी पाठवली, अन् आता गावाले कायले बोलून राह्यली?"

५ मे

आज सत्तावीस! यादीतले तेच पाच. बाकी बावीस चेहरे अनोळखी. विचारलं, तर सारे इथे मामाकडे आलेले. एक आमच्याच घरची: ह्यांची भाची परी, मुकुटबनची, वय नऊ. गल्लीगल्लीतून तिनेच गोळा केले.

"मामी, साऱ्याइच्या मामी गच्चीवर कुरड्या राखाले बसवते. म्या म्हटलं, चला आमच्या मामीकडं, तिथं नुसतं आयकाच लागते."

नुसतं ऐकायचं! दिवसभर ते वाक्य डोक्यात.

६ मे

वाचनालयाच्या कपाटात तिसरं पुस्तक सापडलं. पातळ, मुखपृष्ठ गेलेलं. त्याचं म्हणणं, आधी मुलांना काय येतं ते विचारा आणि मग शिबिर आखा. विचारलं. एकाला पळसाच्या पानांची पत्रावळ लावता येते. एकजण पाण्याचा टँकर मागे घेताना वाजतो तो आवाज हुबेहूब काढतो. शेजारचे दोघे बादल्या घेऊन बाहेर आले. परी गोष्ट सांगते, पण शेवट दर वेळी बदलते. उद्याचा तास यांचाच. मी खुर्चीवर गप्प बसणार. बघू जमतं का.

७ मे

पत्रावळी रंगात आल्या होत्या, तेवढ्यात भाऊसाहेब. यादी काढून नावं पुकारली. पाच हात वर.

"बाई, हॉलच्या ठरावात नेरची पोरं लिहिली हायत. हे त सारे पाहुणे."

मी वीस मिनिटं बोलले. बालकाचा हक्क, ज्ञानाला वेस नसते, सगळं. टेबलावर मूठही आपटली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"भाषण एक नंबर," भाऊसाहेब म्हणाले. "पण सोमवारी लग्नाचं वऱ्हाड उतरवाले लोकं हॉल मांगून राह्यले. रविवारी नऊला कमिटी बसन. तवापर्यंत यादी भरली नाही, त शिबिर बंद."

तेवढ्यात मागून "आबा!" करत दोन पोरं त्यांच्या गळ्यात. त्यांच्या लेकीची मुलं, दोन दिवसांपासून आमच्यात.

"हे पाहुणे का घरचे, भाऊसाहेब?"

त्यांनी टोपी काढली. पुन्हा घातली. "रविवारी पाहू."

८ मे

परी दोरी गुंडाळत म्हणाली, "हॉल गेला त आमी कुठं जमाचं, मामी?" झाडाखाली म्हणावं, तर आठ वाजता सावलीसुद्धा तापते. कुणाच्या घरात सत्तावीस मावणार नाहीत.

मग गावासाठी पत्रक लिहायला बसले. चार पानं. तिन्ही पुस्तकांचा समाचार, शिक्षणाची अधोगती, मामा या संस्थेचा इतिहास. ह्यांना वाचून दाखवलं. दुसऱ्या पानावर घोरले. शेवटी जागे होऊन:

"बाप्पा, झालं काय? पण लोकाइनं रविवारी येऊन करा काय लागते, ते कुठं हाय याच्यात?"

पुन्हा वाचलं. खरंच कुठेच नव्हतं. वीस वर्षं व्याख्यानं देते मी. त्यांतही...

जाऊ दे.

९ मे

पत्रक फाडलं. यादीच्या मागे कोरं पान जोडलं: मुलाचं नाव, मामाचं नाव, सही. भाऊसाहेब हे मानतील का, माहीत नाही. ठराव पुढे करतील. ह्यांचा अंदाज, आठ-दहा मामा येतील, त्यातले निम्मे तंबाखू मळत बाहेरच थांबतील. परी म्हणते सारे येतील. तिच्या गोष्टींचे शेवट मी ऐकलेत.

वाचनालयाच्या फळ्यावर खडूने एवढंच लिहून आले:

नेरच्या मामांनो, उद्या सकाळी आठ वाजता भाच्याचा हात धरून वाचनालयाच्या आत या, आणि त्याच्या नावापुढे स्वतःची सही करा.