सासूबाईंचं लिंबू आणि माझ्या बारा काड्या

९ ऑक्टोबर
खिडकीतलं सासूबाईंचं लिंबाचं झाड म्हातारं झालंय. त्यांच्या माघारी माझ्या बायकोकडे, आग्नियाकडे, आईची तेवढीच खूण. बायको महिनाभर बहिणीकडे, मुरोमला. ती येईपर्यंत झाडाची बारा पिल्लं तयार ठेवणार. बारा फांद्या छाटल्या, ओल्या वाळूत खोचल्या, वर काकडीच्या लोणच्याच्या बरण्या पालथ्या घातल्या. कुलपांच्या कारखान्यात तीस वर्षं फोरमन होतो. काडीला मुळं फुटवणं म्हणजे काय मोठंसं! शिवाय आमच्या पावलोवो गावात घरोघरी खिडकीत लिंबाचं झाड; ते न जमणारा माणूस इथे नाही.

१० ऑक्टोबर, सकाळ
शेजारच्या नोन्नाबाई म्हणाल्या, मार्चपर्यंत थांबायचं होतं, आत्ता झाड झोपलेलं असतं. म्हटलं, उठवू. घरात सहा झाडं आहेत म्हणून बाई जरा चढल्यात.

१३ ऑक्टोबर
एक काडी उपटून पाहिली. मुळं नाहीत. मग बाकीच्या अकराही पाहिल्या. देखरेख हवीच.

१४, १५, १६
पाहिल्या.

२० ऑक्टोबर
सात काळ्या पडल्या. दुबळ्याच होत्या. बाहेर उणे चार. उरलेल्या पाच हीटरवर ठेवल्या.

२१ ऑक्टोबर
उरली एक. हीटर जरा जास्तच प्रामाणिक निघाला.

२७ ऑक्टोबर
मोठ्या झाडाची पानं गळताहेत. विश्रांती घेत असावं. फोनवर आग्नियाने झाडाची चौकशी केली. हलकं वाटतंय त्याला, असं सांगितलं. खोटं नाही.

२ नोव्हेंबर
शेवटच्या काडीला कोवळं पान! नोन्नाबाईंना मुद्दाम चहाला बोलावलं. त्यांनी चष्मा लावून काडी जराशी उचलली, तर सुळकन हातात आली. खाली काही नाही. म्हणाल्या, पान साठवणीतल्या ताकदीवर आलंय. चहा मात्र दोन कप घेतला.

५ नोव्हेंबर
आग्निया आली. कोट न काढता खिडकीपाशी उभी राहिली. झाडावर एकही पान नाही. मी योजना समजावू लागलो. ती रडली नाही. तेच वाईट.

६ नोव्हेंबर
अबोला. दुपारी नोन्नाबाई एक कुंडी घेऊन आल्या. गुडघ्याएवढं झाड, त्याला एक लिंबू. म्हणाल्या, "आग्निया, वीस वर्षांपूर्वी तुझ्या आईनेच मला फांदी दिली होती. माझी सगळी झाडं त्याच फांदीची. हे तुझं."
आग्नियाने पान चुरून वास घेतला. मग रडली.
मला हे कधी कुणी सांगितलंच नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

१४ नोव्हेंबर
आठ दिवसांनी आग्निया बोलली. नव्या झाडाच्या खालच्या चार पानांवरची धूळ पुसायची मला परवानगी आहे. वरच्यांना हात लावायचा नाही.
पुसली. ती शेजारी उभी होती. मदतीला नव्हे.