‘पाणी आलं’ कुणी बनवलं?

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप सुलेखाआत्यास,
संस्कृतीचा सा. न.

फॅमिली ग्रुपवर लिहिलं असतं तर सगळ्यांनी मिळून मला गप्प केलं असतं, म्हणून पत्र. अक्षराला हसू नकोस.

तुला ठाऊकच आहे, वाळूजची नोकरी सोडून साठवलेल्या पगारावर मी ‘पाणी आलं’ हे ॲप बनवत होते. इथं नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. बायका कामं बुडवून नळापाशी बसतात. माझं ॲप अगदी साधं. जिच्या घरी पाणी आलं तिनं बटण दाबायचं, की गल्लीतल्या सगळ्यांचे फोन वाजतात. शोभेचं काहीच नाही, कारण आधी एवढं तरी चालतं का ते बघायचं होतं. शेजारच्या मुनिराचाचींनी पहिल्यांदा वापरलं आणि घरोघर सांगितलं.

काल देवळाच्या सभामंडपात उद्घाटन झालं. नगरसेवकांनी नारळ फोडला आणि माइकवर सांगून टाकलं, की हे ॲप आपल्या शिवराजनं बनवलं! काकांच्या शिवराजनं, आत्या! त्यानं फक्त बॅनर छापून आणला होता. हार त्याला, शाल त्याला, आणि मला चहाचं बघ म्हणून सांगितलं. बाबांकडं पाहिलं तर ते टाळ्या वाजवत होते. घरी विचारलं तर म्हणाले, मीच तसं सांगितलं होतं. तुझं लग्न ठरायचंय, नोकरी सोडून बसलीय हे गावभर कशाला?

शिवराज मान खाली घालून बसला, पण शाल घेतलीच ना!

तुझी माया आहे म्हणून एवढं ओकले. ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
संस्कृती


लासूर स्टेशन
१७ जानेवारी २०२५

चि. संस्कृतीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकावरच ओरडले. बिचारा तूरडाळ न घेताच गेला. तुझं अक्षर लई वाईट, पण राग स्वच्छ वाचता येतो.

तुझे आतोबा गेल्यावर मी हे दुकान हाती घेतलं, तेव्हा पाटीवर दिराचं नाव लाव म्हणून मागं लागलेला हाच आमचा नाना, तुझा बाप. मी लावलं नाय. दुकान चाललंच की!

चिडून ॲप बंद करू नको, त्यात मुनिराबाईंचा काय गुन्हा? ते उघडलं की तुझं नाव दिसलं पाहिजे, बस्स. नानाशी मी फोनवर बोलणार नाय, समोर येऊन बोलेन. शिवराजला वेगळं पत्र टाकलंय. फार काही नाय, शाल ऊबदार आहे का एवढंच विचारलंय.

जेवत जा. माझा जीव तुझ्यापाशी आहे.

तुझी आत्या


पडेगाव
२९ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी ॲपच्या पहिल्या पानावर माझं नाव टाकलं. बाबांनी बोलणं सोडलं. मग एका दुपारी कुणीतरी चुकून बटण दाबलं. फोन वाजले, बायका कामावरून धावत आल्या, मुनिराचाची शिलाई टाकून आल्या, आणि नळ कोरडे! माइकवर त्याचंच नाव ऐकलेलं, म्हणून साऱ्या जणी शिवराजच्या दारात. तेव्हा काका म्हणाले, ते पोरीचं काम, तिला विचारा. शाबासकी पोराला आणि शिव्या पोरीला! चूक माझीच होती, तसं मी सगळ्यांसमोर सांगितलं. आता दोन घरांनी बटण दाबल्याशिवाय फोन वाजत नाहीत.

प्रजासत्ताकदिनी झेंडावंदनानंतर शिवराजनं माइक मागून घेतला. म्हणाला, यातलं एक अक्षर माझं नाही, सगळं संस्कृतीचं; त्या दिवशी गप्प बसलो याची लाज वाटते. नगरसेवक फोन चाळायला लागले. पहिली टाळी मुनिराचाचींची. माझा राग निम्मा उतरला.

उरलेला निम्मा ऐक. काल पलीकडच्या कॉलनीतले लोक ॲप मागायला आले. बाबांनी त्यांना ओट्यावर बसवलं, चहा सांगितला आणि मी दाराआड आहे हे ठाऊक नसल्यानं छाती फुगवून सांगितलं, की पोरगी नोकरी सोडायला तयारच नव्हती, मीच तिच्या मागं लागलो!

आशीर्वाद पत्रातून नकोत, आत्या. मिळेल त्या गाडीनं तूच ये.

तुझी,
संस्कृती