यंत्रात काही दोष नाही

दि. ६ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक म्हणावे तर खोटे होईल, आणि नाही म्हणावे तर तू लगेच बॅग भरशील, म्हणून मधले काहीतरी लिहिते. तू दिलेला डीव्हीडी प्लेअर रुसला आहे. तबकडी घातली की आत जरा गुरगुरतो आणि पडद्यावर ‘नो डिस्क’ अशी पाटी लावून मोकळा होतो. तबकडी मी माझ्या हाताने घातलेली असते, आणि हा म्हणतो नाहीच.

सिनेमे गेले खड्ड्यात, पण आईची तबकडी लागायला हवी. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिचे शब्द अडकले ते सोडवायला ज्या बाई येतात (बाबा त्यांना वाचाबाई म्हणतात), त्यांनी सांगितले आहे की तिने रोज स्वतःचा जुना आवाज ऐकावा आणि त्याबरोबर ओठ हलवावेत. तुला आठवत असेल, तुझ्या दुकानात दुरुस्तीला आलेला कॅमेरा तू बाबांच्या हातात दिला होतास आणि आई चादरींच्या घड्या घालत बोलत होती. तेवढाच तिचा आवाज आपल्याकडे आहे. मागच्या आठवड्यात तिने चादरीचा ‘चा’ काढला. वाचाबाई म्हणाल्या, आता खंड पडू देऊ नका, सुरुवातीचे हे महिने हातचे गेले तर पुढे फार कठीण. आणि नेमका खंड पडला.

ह्यांचे म्हणणे कळवावे की नाही कळत नाही. हे म्हणतात, कुणाचा तरी परत आलेला प्लेअर दादाने पुसून आपल्या गळ्यात मारला. मी म्हटले, तसे नसेल. पण म्हणताना माझा आवाज मलाच बारीक वाटला.

फोन बैठकीत आहे आणि बैठकीत सगळे असतात, म्हणून हे पत्र. प्लेअर बसच्या पार्सलने पाठवते. खोका बाबांनी स्वतः बांधला आहे, मला हात लावू दिला नाही. वहिनीला नमस्कार. रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
ठमी


दि. १५ जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

खोका पोचला. गाठी बाबांच्याच, कात्रीशिवाय सुटल्या नाहीत. यंत्र टेबलावर लावले, तबकडी घातली, पहिल्याच दमात चित्र आले. दिवसभर चालू ठेवले. तापले नाही, अडखळले नाही. माझ्याकडे परीक्षेसाठी ओरखड्यांनी भरलेली एक तबकडी आहे, भले भले प्लेअर तिच्यापुढे हात टेकतात. ह्याने तीही वाचली. यंत्रात काही दोष नाही.

मेहुणेबुवांना सांग, मी यंत्रे कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, पण दुकानाची पाटी मी माझ्या हाताने रंगवली आहे आणि परत आलेला माल मी बहिणीलाच काय, वैऱ्यालाही देत नाही. तुझा प्लेअर निवडताना ट्रे किती सावकाश बाहेर येतो, आतला पट्टा कसल्या रबराचा, लेन्स पुढेमागे सरकताना कुरकुरते का, हे सगळे उघडून पाहिले होते.

यंत्रे बिघडत नाहीत असे नाही. स्वस्तातली तर मुळात बिघडायलाच केलेली असतात. पण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी ऐक. आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंनी प्लेअरवर कुंडी ठेवली आणि रोज तिला पाणी घातले. एक मास्तर तबकड्या भांड्यांच्या घासणीने धुतात. एका ट्रक ड्रायव्हरने एकावर एक दोन तबकड्या घातल्या, मध्ये उठायला नको म्हणून. हे सगळे दुकानात येऊन एकच सांगतात, की आम्ही काही केले नाही.

म्हणून लिहितो, तुमच्या घरात कुणीतरी काहीतरी करते आहे. मी मागच्या प्रत्येक स्क्रूवर लाल रंगाचा बारीक ठिपका दिला आहे. यंत्र कुणी उघडले तर ठिपक्याला चीर जाईल. हे कुणाला सांगू नकोस. मेहुणेबुवांना तर नकोच नको.

आईच्या डोक्यावरून माझ्या वतीने हात फिरव. बाकी कुशल, म्हणजे असायला हवे.

दादा


दि. २ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ठिपक्यांना चीर गेली आहे. सगळ्याच.

प्लेअर आला तेव्हा छान चालला. बाबा प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये डुलकी लागून झोपले, रीळ संपले आणि अख्खे थिएटर शिट्ट्या मारू लागले, हे आई सांगते ना, तिथे ती खुर्चीत बसल्या बसल्या हसायची. शेवटी कॅमेऱ्याकडे बघत ती बाबांना म्हणते की अहो, पुरे आता, बंद करा ते, तिथे तर तिचे ओठ बरोबर हलू लागले होते. मग एका सकाळी पुन्हा तीच पाटी, ‘नो डिस्क’. आई डाव्या हाताने टीव्हीकडे बोट दाखवते, मी नाही म्हटले की चमचा ढकलून देते. ‘चा’ पण गेला. वाचाबाईंनी काल पिशवी उचलताना मान हलवली, ती मला आवडली नाही.

ठिपके पाहिल्यापासून मी घरात सगळ्यांच्या हातांकडे बघते. ह्यांना बल्ब बदलायचा तर शेजाऱ्याला बोलवावे लागते, ते काय स्क्रू उघडणार? पण परवा हे मोठ्या दुकानातून नव्या प्लेअरचे जाहिरातीचे कागद घेऊन आले आणि मुद्दाम टीव्हीवर ठेवून दिले. बाबा तर आईच्या शेजारून हलत नाहीत. ते उलट मलाच समजावतात, की यंत्रालाही विसावा लागतो, घाई करू नको. वाचाबाईंना त्यांनी विचारलेही, अजून किती वेळा लावावी लागणार म्हणून. मी कुणावर संशय घेऊ, तूच सांग.

जीव लावतोस तसाच लावत राहा.

ठमी


दि. ९ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तू सांगायची गरज नाही, मला कळले. बल्ब बदलता न येणे आणि बदलता येत नाही असे दाखवणे यात फरक आहे. ज्याला नवा प्लेअर हवा आहे त्याला जुना बिघडलेलाच बरा. वर माझ्या दुकानाचे नाव खराब, हा वरचा नफा.

यंत्र पाठव, पण या वेळी खोका तू बांध, तोही घरात कुणी जागेवर नसताना. बाबांनाही कळू देऊ नकोस, त्यांच्या पोटात काही राहत नाही.

आईला सांग, थोडे दिवस.

दादा


दि. १४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे कामावर आणि बाबा केस कापायला गेले तेव्हा खोका बांधला, आईची तबकडीही आतच ठेवली. स्वतःच्याच घरात चोरी केल्यासारखे वाटले. बाबा आले, टीव्हीखालची रिकामी जागा पाहिली आणि पांढरेफटक पडले. मला वाटले ऊन लागले.

तुझे पत्र मनात घोळत होते, म्हणून काल ह्यांना सरळ विचारले. हे ताटावरून उठले. तेव्हापासून माझ्याशी बोलणे म्हणजे हो आणि नाही. दादा, तू चुकला असशील तर मी फार मोठी चूक करून बसले आहे. काय सापडते ते लगेच कळव.

ठमी


दि. २० फेब्रुवारी

ती. बाबांच्या चरणी,
शि. सा. न.

हे पत्र फक्त तुम्हाला आहे.

यंत्र उघडले. लेन्सच्या तोंडावर काळ्या फिल्मचा एक तुकडा बसवला होता. कडेला भोके, आणि कुठे खुपू नये म्हणून कात्रीने कोपरे गोल केलेले. बाकी यंत्राला नखाचा ओरखडा नाही. असे काम करणारा एकच माणूस मला माहीत आहे. स्क्रू कसा धरायचा हे मी केबिनमध्ये स्टुलावर बसून त्याच्याच हातांकडे बघत शिकलो. पहिल्या वेळी माझ्या टेबलावर दोष का दिसला नाही तेही कळले. खोका बांधताना तुकडा तुम्ही काढून घेतला होता.

का केलेत हे विचारत नाही. तुम्हीच म्हणायचात की प्रत्येक खेळाला रीळ थोडे थोडे मरते. नवी प्रिंट आली की पहिल्या आठवड्यात चित्र लख्ख, मग पडद्यावर पाऊस पडायला लागायचा आणि आवाज खरखरायचा. आईचे एकच रीळ, आणि वाचाबाई रोज खेळ लावायला सांगतात. तुम्हाला वाटले, असेच झिजून संपेल.

बाबा, या यंत्रात प्रोजेक्टरसारखे दात नाहीत. तबकडीवर चित्र असते त्या भागाला काहीही टेकत नाही, नुसता उजेड पडतो. खिडकीतून ऊन येते म्हणून काच झिजत नाही. तरी तुमचे समाधान व्हावे म्हणून सोबत यंत्र, आईची तबकडी आणि तिच्या आणखी प्रती पाठवतो. मूळ प्रिंटवरून काढलेली प्रिंट फिकी येते, ते फिल्मचे. इथे येत नाही, मी शेजारी शेजारी लावून पाहिले आहे. आणि खरी मूळ प्रिंट तुमच्या शेजारी खुर्चीत बसली आहे. ती न चालवल्याने खराब होते आहे.

मी मेहुणेबुवांवर नाही नाही तो संशय घेतला आणि ठमीला घ्यायला लावला. त्यांची माफी मी वेगळ्या पत्रात मागतो आहे. पण तुकड्याचे तुम्ही स्वतः सांगितलेत तर बरे.

आपला,
थोरला


दि. ११ मार्च

चि. थोरल्यास,
आशीर्वाद.

सांगितले. ठमी आधी रडली, आणि मग चहात साखर जास्त घातली. जावईबापूंनी जाहिरातीचे कागद माझ्यासमोर फाडले. वाकडेतिकडे फाडले, त्यांना कागदही सरळ फाडता येत नाही. त्यांच्यावर तुम्ही दोघांनी स्क्रू उघडल्याचा आळ घेतलात, हा त्यांचा सन्मान समजावा. आता दोघे पूर्वीसारखे भांडतात.

तुझ्या उजेडाच्या गोष्टीवर माझा पूर्ण विश्वास बसलेला नाही. पहिली तबकडी मी रिळाच्या डब्यात कुलपात ठेवली आहे. तुझी प्रत चालवतो आणि प्रत्येक खेळानंतर ती भिंगाखाली बघतो. अजून ओरखडा दिसला नाही. दिसला की कळवीन. यंत्राला हात फक्त मी लावतो, हे घरात सगळ्यांनी मान्य केले आहे. ‘चा’ परत आला, त्याच्यामागे ‘चादर’ही आली.

काल सकाळचा खेळ झाला. प्लग काढून मी खिडकीशी उभा राहून तबकडी भिंगाखाली धरली होती, तुझ्या आईकडे पाठ होती. एवढ्यात मागून तिचा आवाज आला की अहो, पुरे आता. तबकडीत शेवटी आहे तसाच. माझे डोकेच फिरले. म्हटले, थोरल्याचे यंत्र आता आपले आपण चालू व्हायला लागले, स्वस्तातला माल तो स्वस्तातलाच. तुला खरमरीत पत्र लिहायचे ठरवून मी प्लेअरवर एक चापटही मारली. मग लक्षात आले, दिवा बंद आहे, आणि तबकडी माझ्या हातात आहे.

मागे वळायला मला जरा वेळ लागला.

तेव्हा यंत्राबद्दल माझी काही तक्रार नाही. तबकडीत पुढे ती बंद करा असे म्हणते, ते अजून आलेले नाही. त्याची मला घाई नाही.

सुनेला आशीर्वाद. दुकान सांभाळ, आम्हाला विसरू नकोस.

तुझा,
बाप