सुनेसाठी जुने स्पीकर घेतले त्याची हकिकत

६ जुलै २०२५, रविवार, आषाढी एकादशी

चातुर्मासाचा नेम धरला. गेल्या वर्षी वांगं सोडलं होतं, त्याच्या आदल्या वर्षी कांदा. यंदा राग सोडला. कार्तिकीपर्यंत एकदाही रागवायचं नाही. देवळात सगळ्या बायकांसमोर सांगितलं. शेजारची मंजुळाबाई फिस्सकन हसली. हसण्यासारखं काय होतं त्यात? घरी आल्यावर भिंतीवरून तिला तेवढंच विचारलं, तर तिनं दार लावून घेतलं.

मी मुळात रागीट नाहीच. त्यामुळे नेम सोपा आहे आणि बिनखर्चाचा.

हे म्हणाले, भगरीत मीठ जास्त झालंय. रागावले नाही. फक्त बत्तीस वर्षांत ह्यांनी माझ्या स्वयंपाकाला काय काय म्हटलं ते ओळीनं सांगितलं.

८ जुलै, मंगळवार

सूनबाईचं एकदा लिहूनच ठेवते. वर्षाराणी इथं धारूरच्या दवाखान्यात नर्स आहे. ड्युटीवरून आली की चहा घेते आणि तळघरात जाते. आमचं घर उतारावर, त्यामुळे स्वयंपाकघराच्या बरोबर खाली तळघर. पूर्वी तिथं कापूस ठेवायचो. आता ती इंग्रजी रॉक लावते. रॉक म्हणजे चार माणसं एकाच वेळी भांडतात आणि मागं कुणीतरी पिंप बडवतं. कुंकवाच्या डबीएवढा स्पीकर आहे तिचा, मोबाइलला जोडलेला. आज म्हणाली, आई, हा पुरत नाही, मोठे दोन घ्यायचेत, सेकंड हँड चालतील, सहा हजारांपर्यंत.

सहा हजार! भांडणं ऐकायला!

मी शांतपणे नाही म्हटलं. शांतपणे म्हटलेलं मंजुळाबाईला तिच्या परसात कसं ऐकू गेलं, ते कळत नाही. कान देऊन बसते बाई.

९ जुलै, बुधवार

टीव्हीखाली फॉर्म सापडला. दवाखान्याच्या क्वार्टरचा. वर्षाराणीचं नाव, आमच्या युवराजचं नाव, सगळं भरलेलं. फक्त सही बाकी. म्हणजे सून माझ्या मुलाला घेऊन दोन खोल्यांत राहायला जाणार आणि मी सहा खोल्यांत ह्यांचं तोंड बघत बसायचं.

ह्यांना विचारलं. म्हणाले, पोरीला तिचा बाजा आणून दे, राहील. युवराज म्हणाला, आई, तिला संध्याकाळचा एक तास पाहिजे, बाकी काही नको. मी म्हटलं, जायचं तर आत्ता जा, मी घाबरत नाही. मग देवापुढं बसले. जप एकशेआठ व्हायचा तो चाळिसावरच थांबला. फॉर्मच दिसत होता.

ठरवलं. स्पीकर मीच निवडणार. स्वस्त, टिकाऊ आणि हळू आवाजाचे. सून राहील, पैसा वाचेल, घरात शांतता. यात चुकण्यासारखं काहीच नाही.

१३ जुलै, रविवार

तेलगावला गेले. तिथं तात्याबा मंडपवाला आहे, लग्नाचे मंडप आणि साउंड. जुना माल विकतो. विचारायला लागला, अक्का, वॅट किती पायजेत? मी म्हटलं, वॅट राहू दे, आधी वजन सांग. सगळे डबे टरबुजासारखे बोटानं वाजवून बघितले. वास घेतला. एका पंधरा इंची जोडीला वरातीचा वास येत होता. तो वास कसला ते लिहीत नाही. नको म्हटलं.

कोपऱ्यात दोन उंच, सडपातळ डबे उभे होते. एका गावच्या देवळातले. बारा वर्षं फक्त काकडा आणि कीर्तन. तेच घेतले, अठराशेला. वस्तूलाही वळण लागतं. बारा वर्षं नामस्मरण केलेला स्पीकर रॉकसुद्धा सभ्यपणे म्हणेल. तात्याबा म्हणत होता, अक्का, ह्यात बेस न्हाई, हे बोलण्यासाठी हायत, असल्या गाण्याला न्हाईत. स्वतःच्याच मालाला नावं ठेवतो. असा धंदा होतो का? त्याला चार शब्द सुनावले. ते राग म्हणून नाही, त्याच्या भल्यासाठी.

१४ जुलै, सोमवार

स्पीकर लावले. प्रत्येक शब्द सुटा आणि स्पष्ट. मला इंग्रजी येत नाही ते बरं. पिंपाच्या जागी मात्र ताटलीवर चमचा आपटल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात वर दूध उतू गेलं. ह्यांना लक्ष ठेवायला सांगितलं होतं, हे पेपरात. दोन शब्द बोलले. वर्षाराणी वर आली. म्हणाली, आई, आवाज चांगला आहे, पण उपयोग नाही, दूध चाळीस रुपये अर्धा लिटर म्हणालात ना, ते खाली ऐकू आलं. मी म्हटलं, मग बघ की, किती गुणी स्पीकर, घरात काय चाललंय तेही कळतं! ती परत खाली गेली. आभार मानायची पद्धतच राहिली नाही आता.

२० जुलै, रविवार

युसूफ वडगाव या गावी मामेबहिणीकडे गेले होते. तिथं एक मंगल कार्यालय बंद पडलंय, त्याचे बारा इंची दोन मिळाले. हजाराला. मालक बाराशे म्हणत होता, मी उन्हात उभी राहिले तासभर, मग हजार म्हणाला. एकाचा पडदा फाटलेला आहे. तात्याबाला फोन केला, तर म्हणे नवा कोन बसवायला नऊशे. नऊशे! कागदाच्या पुठ्ठ्याला! घरीच केलं. जुन्या लुगड्याचा तुकडा, कणकेची घट्ट खळ. खडखडीत वाळला. नऊशे वाचले.

हे म्हणाले, त्याला आता फोडणीच द्यायची राहिली. उत्तर दिलं नाही. जेवायला वाढलंही नाही. पण उत्तर दिलं नाही.

२४ जुलै, गुरुवार

तळघरात उंदीर झालेत. त्यांनी खळ खाल्ली. मग लुगडं. मग पडदा. मग चांगला होता त्या स्पीकरचाही पडदा.

ह्यांनी विचारलं, उंदरांना कुठला उपास नसतो का गं? तांब्या हातातून सुटला. सुटला, फेकला नाही. भिंतीला लागला, कारण भिंत जवळ आहे.

फॉर्मवर सही झालेली आहे. आजची तारीखसुद्धा घातली आहे. उद्या देणार म्हणे.

वर्षाराणीला म्हटलं, रविवारपर्यंत थांब. विनवणी नव्हती, सूचना होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, बरं आई. मग या वेळी मी निवडते, चालेल? म्हटलं निवड. हिशोब मात्र माझ्याकडं.

२७ जुलै, रविवार

तात्याबा टेम्पो घेऊन घरीच आला, तीन जोड्या टाकून. वर्षाराणीनं पडद्यावर चारी बोटं ठेवून हलकेच दाबलं, कान लावला. एक जोडी आत खरखरली. कॉइल गेलीय, म्हणाली, परत ठेवा. पेशंटची नाडी बघितल्यासारखं बघत होती. दुसरी जोडी चांगली पण आठ हजार. उरली तीच वरातीची पंधरा इंची. साडेपाच हजार, माझ्या दोन्ही जुन्या जोड्या बदल्यात देऊन.

आता लिहिते ते महत्त्वाचं. टेस्टला त्यांना मीच लागले! वर्षाराणी म्हणाली, आई, तुम्ही स्वयंपाकघरात थांबा आणि नेहमीसारखं बोला. शेवटी घरातल्या मोठ्या माणसाशिवाय पान हलत नाही.

ओट्यापाशी उभी राहिले. लाइट बिलावर बोलले. खालून युवराज ओरडला, ऐकू आलं! तात्याबा म्हणाला, अजून दोन पॉइंट वाढवा. मंजुळाबाईच्या मोरीच्या पाण्यावर बोलले. ऐकू आलं! तात्याबा म्हणाला, अक्का, लई दमानं बोलताय, रोजच्यासारखं होऊ द्या. मग ह्यांच्या बहिणीवर बोलले, आमच्या लग्नातल्या मानपानापासून. कुणी काही ओरडलं नाही. मी बोलतच राहिले. दहा मिनिटांनी खाली गेले, तर तिघंही एकमेकांना टाळ्या देत होते. तात्याबा म्हणाला, जमलं!

मलाही आनंद झाला. टेस्ट माझ्यामुळे पास झाली.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

फॉर्म फाडला! वर्षाराणीनं स्वतः, माझ्यासमोर. म्हणाली, आता गरज नाही आई, इथंच बरं आहे. दिंडं केली पुरणाची. मंजुळाबाईला भिंतीवरून सांगितलं, सून कशी राखायची ते माझ्याकडून शिक.

एकच कळत नाही. हे संध्याकाळी पेपर घेऊन तळघरात जायला लागले आहेत. ज्या माणसाला माझी बांगडी वाजलेली चालत नाही, तो त्या दणदणाटात डोळे मिटून खुर्चीत बसतो. आज दिंडंही खालीच मागवली. तिघांची ताटं. वर मी एकटी. रागावले नाही. ताटं जरा जोरात ठेवली गेली.

३ ऑगस्ट, रविवार

तात्याबा राहिलेली वायर न्यायला आला. चहा दिला. सहज म्हटलं, वॅट बिट न बघता बरोबर जोडी लागली बघ. तर हसून म्हणतो, वॅट कावून बघायचे अक्का? सूनबाईनं पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलंतं, दादा, वर सासूबाई बोलत असल्या आन् खाली ऐकू न्हाई आलं, तो स्पीकर माझा. मी धा वर्षं वरातीत वाजवतोय, पण असली टेस्ट कदी घेतली न्हाई. तुमी लई दम काढला आमचा!

चहाचा कप उचलून घेतला. अर्धा होता.

ह्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? पेपरातून वर न बघता म्हणाले, सगळ्या गल्लीला माहीत आहे.

म्हणजे रॉकचं वेड नाही पोरीला. माझा आवाज बुडवायचं वेड आहे.

ठीक आहे. उद्यापासून मौन. कार्तिकीपर्यंत एक शब्द नाही. लागेल ते पाटीवर लिहून देणार. वाजवा म्हणावं आता कुणासाठी वाजवायचंय ते.

४ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

सकाळी ७. मौन सुरू.

७.२०. दूध उतू गेलं. गप्प. पाटीवर लिहिलं. हे चष्मा नाही म्हणाले.

११. मंजुळाबाई भिंतीवरून डोकावली. म्हणाली, घरी हायसा ना? मान हलवली. ती बराच वेळ बघत उभी राहिली.

दुपारी २. हे दोनदा येऊन गेले. नुसतंच.

संध्याकाळी ६. वर्षाराणी आली, चहा घेतला, खाली गेली. गाणं लागलं नाही. पाच मिनिटांत वर आली, बीपीचं मशीन घेऊन. माझ्या दंडाला पट्टा बांधला. म्हणाली, आई, काय होतंय? खाली तुमचा आवाजच आला नाही. मी घाबरून वर आले. कपाळाला हात लावला. हात गार होता. बीपी बरा निघाला.

मग म्हणाली, आज गाणं राहू दे, बसते तुमच्यापाशी. परात ओढून गवार निवडायला घेतली. दवाखान्यातलं सांगायला लागली. कुणाला जुळं झालं, डॉक्टरांनी कसले पेढे वाटले. मी ऐकत होते. लग्न होऊन आली तेव्हापासून पहिल्यांदा बसली अशी. अर्धा तास.

पण ती गवार! शीर काढायची तर अर्धी शेंग शिरेबरोबर टाकते. कोवळी शेंग! वीस रुपये पाव! मी दात दाबून बघितलं. देवाचं नाव घेतलं. आणखी एक शेंग गेली.

मग बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. मंजुळाबाईला विचारलं तर ती सांगेल.

हे आणि युवराज धावत दारात आले. हे म्हणाले, चला, बरी आहे. दोघांचे उतरलेले चेहरे खुलले. वर्षाराणीनं हात पुसले, मशीन डब्यात ठेवलं आणि हसत खाली गेली. लगेच सुरू झालं, पंधरा इंची.

मी गप्प राहिले असते तर आणखी बसली असती. पण गवार अशी निवडतात का?