दिव्याच्या चित्रावर कुंकू

शुक्रवार, १४ नोव्हेंबर, संध्याकाळ

शेजारची रिबेका वर्षभराने मुलीकडून परतली. जाताना तिच्या आजोबांकडून आलेलं चित्र माझ्याकडे ठेवून गेली होती: कातड्यावर बारीक हिब्रू अक्षरांनी रेखलेला सात वातींचा दिवा. देव डोळ्यांसमोर राहावा म्हणून तिच्याकडे, ज्यू घरांत, ते भिंतीवर लावतात. मी देवघरात ठेवलं आणि दसऱ्याला त्यालाही कुंकू लावलं. का? हाताची सवय! कोपऱ्यावर डाग पडला. पुसावा तर अक्षरं जातील. तेव्हापासून तो डागच डोक्यात.

आज आधी तिला डागच दाखवला.

"कावून तोंड पाडून राहिली वं, शालू? मले वाटलं, पेटीत पडलं असन. तू तं पूजाच केली!"

अशी शेजारीण मिळाली, नशीब माझं.

"काचेची चौकट बसवून घे," मी दटावलं.

"घेतो वं. पण चौकटीखाली डाग झाकाचा नाही."