दुमडलेले धागे टाकायचे नाहीत

प्रिय भार्गवी,

मारतहळ्ळीच्या आपल्या जुन्या खोलीतूनच लिहितेय. तुझ्या पलंगावर आता मुग्धा झोपते, आयटीवाली. दिवसभर हिंदीतून मीटिंगा घेते आणि रात्री माझ्या पोळ्यांना नावं ठेवते. बाकी बातमी एकच, पण मोठी. मी जयसिंगराव सरांशी भांडले. हो, आपल्याच गाईडशी, ज्यांच्यासमोर आपण दोघी चहासुद्धा विचारून प्यायचो. फ्रीझरमधले जुने रक्ताचे नमुने येत्या आठवड्यात टाकून द्या म्हणाले, आणि मी सरळ नाही म्हटलं. जुन्या नमुन्यांत डीएनएचे लांब धागे उरतच नाहीत, मग जागा कशाला अडवायची, असं त्यांचं म्हणणं. अगं, ते रक्त देणारी कितीतरी माणसं आता हयात नाहीत. त्यांच्याकडे पुन्हा रक्त मागायला कोण जाणार? फ्रीझरची किल्ली मी पर्समध्ये ठेवली आहे आणि ती कुणालाही देणार नाही.

धागे मोजायला काचेत कोरलेल्या त्या सूक्ष्म वाहिन्या पहिल्यांदा पाहिल्यावर तू म्हणाली होतीस, हा तर परकराचा नेफा, आता नाडी ओवायची. मी खूप हसले होते. मोकळ्या पाण्यात गुंडाळी होऊन पडणारा धागा केसाहून हजारपट अरुंद जागेत शिरला की कसा ताठ होतो, याचं मला अजून नवल वाटतं. वळायला जागाच नसते, मग तो पसरतो, आणि आपण त्याची लांबी मोजतो. पण नाडीसारखाच तोही कधीकधी दुमडून शिरतो. रंगवलेला धागा दिव्याखाली फार वेळ ठेवला तर तुटतो, म्हणून आपल्या प्रयोगशाळेत झटपट फोटो काढायचा आणि दुमडलेला दिसला की मोजणीतून बाद करायचा, असा रिवाज पडला.

गेल्या महिन्यात मी एवढंच केलं की धागा आत शिरल्यावर दिवा बंद केला आणि अंधारात गप्प बसून राहिले. एका वाहिनीत दोन पदर म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. ते एकमेकांना ढकलत राहतात आणि घडी आपोआप उलगडते. दिवा लावला तर धागा पुरा सरळ, अखंड, लांबच लांब. मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली, एकटीनेच. मग लक्षात आलं. दुमडून शिरतात ते बहुतेक लांबच धागे. जुन्या नमुन्यांत ते आधीच थोडे. तेवढे आपण बाद केले आणि वर लिहून मोकळे झालो की लांब धागे उरलेच नाहीत.

सरांना दाखवलं. त्यांनी पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, थोडं जमवून घे, मनस्विनी, सध्या गप्प राहा. ऑटोत चौथ्या माणसाला बसवायचं असेल तर मी अ‍ॅडजस्ट करीन, यात करणार नाही. मी तसं सांगितलं, तेव्हा माझा प्रबंध पुढे सरकणार नाही, हेही त्यांनी गोड शब्दांत सुचवलं. न सरको. मला राग आलाय आणि तो ओसरावा अशी माझी इच्छा नाही.

आता तुला हे का लिहितेय ते सांगते. तो रिवाज तू पाडलास, आणि लांब धागे उरत नाहीत हा पेपरही तुझाच. पुढच्या आठवड्यात तू इथे कायमच्या जागेसाठी मुलाखतीला येतेयस, आणि तुझी नेमणूक होईपर्यंत मी तोंड बंद ठेवावं, असं सरांना वाटतं. माझा तुझ्यावर जीव आहे, भार्गवी. म्हणूनच हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. सोमवारच्या सेमिनारमध्ये मी हे सगळ्यांसमोर मांडणार आहे. त्याआधी शनिवारीच ये, स्वतःच्या डोळ्यांनी बघ. आपली चूक स्वतः सांगणारी बाई म्हणून तू त्या मुलाखतीला बसावंस, लपवणारी म्हणून नव्हे. सोमवारी तू बोलायला उभी राहिलीस तर मी पहिल्या रांगेत बसेन. नाही आलीस, तर मी उभी राहीन.

तुझीच, हट्टी
मनस्विनी