रुवैसची गाडी

अब्बा, आज तुमच्या नातवाने मला खोटं पाडलं, म्हणून लिहायला बसले आहे.

आखातात असतानाचा, अल मन्सूराच्या त्या दोन खोल्यांतला ओटा आठवतो का? फ्रान्सचा वर्ल्ड कप होऊन गेला होता, मी नववीत होते, आणि अम्मीने भिजवायला काढलेले काबुली चणे आणि राजमा आपण ओट्यावर मांडून बसायचो. चणे म्हणजे तुमचा संघ, राजमा तुमच्या मॅनेजरसाहेबांचा. दरवर्षी थंडीतल्या एका शुक्रवारी ऑफिसातल्या आणि ओळखीपाळखीच्या लोकांची फुटबॉल मॅच व्हायची. कप्तान तुम्ही दोघं, माणसं मैदानावरच आळीपाळीने निवडायची. एका गाडीतून आलेले मात्र एकाच संघात, कारण एकदा हरलेल्याने जिंकलेल्याला परतीच्या वाटेवर गाडीतून उतरवलं होतं. अल रुवैसच्या बंदरावरून चौघं एका गाडीने यायचे. ती गाडी घेतली की आपले चार एकदम भरायचे आणि समोरच्याला सलग चार चांगली माणसं उचलता यायची, म्हणून ती शेवटपर्यंत उरायची.

मी म्हटलं, तीच पहिली घ्या. आदल्या वर्षी अम्मीशेजारी चटईवर बसून मी पाहिलं होतं, ते चौघं पास देताना कोण कुठे आहे ते बघतसुद्धा नाहीत, कारण रोज एकत्र खेळतात. समोरच्याला मिळतील ते सगळे हिरो, एकमेकांना बॉल न देणारे. तुम्ही चार चणे एकत्र करून आपल्या बाजूला सरकवलेत. मग म्हणालात, "बाय, हे आपल्या दोघांतच ठेव." मी अम्मीलासुद्धा सांगितलं नाही.

शुक्रवारी टॉस साहेबांनी जिंकला आणि पहिल्याच फटक्यात रुवैसची गाडी मागितली. लोक हसले. मी तुमच्याकडे बघते आहे, आणि तुम्ही बुटाची बांधलेलीच नाडी पुन्हा बांधताय.

तो गोल अजून डोळ्यांसमोर आहे. गोलकीपरने हाताने टाकलेला बॉल त्या चौघांतच फिरत गेला, आपल्या एकाही हिरोचा त्याला पाय लागला नाही, आणि गाडी चालवणाऱ्या पोट सुटलेल्या माणसाने तो आरामात आत सरकवला. खलास. मॅचनंतर साहेबांनी तुमच्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांसमोर सांगितलं, "प्लॅन इनका ही था. क्या दिमाग है." त्या आठवड्यात त्यांनी तुम्हाला पहिल्यांदाच केबिनमध्ये चहाला बसवलं होतं, हे अम्मीकडून नंतर कळलं. एका चहावर तुम्ही ते देऊन टाकलंत. साहेब आहे, नोकरी आहे, तेही मी समजून घेतलं असतं. पण मी तिथेच उभी होते. मुलीने सुचवलं, एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही लाजल्यासारखे हसलात. घरी जाताना विचारलं तर म्हणालात, "खेळच तो, बाय."

तुमच्या मयतीला आलेल्यांनीही तुमच्या हुशारीचा हाच किस्सा सांगितला. आज मुलगा मित्रांबरोबर टीम पाडायचं ठरवत होता. मी म्हटलं, रोज एकत्र खेळणारे आधी घे, हा माझा डाव आहे. तो म्हणाला, "नो मम्मा, दॅट्स नानाज प्लॅन. एव्हरीबडी नोज." राग आला, तुमचाच आला, आणि तुम्ही तर भांडायलाही उरला नाहीत.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. साहेबांचा हात खांद्यावर होता तेव्हा तुमचा चेहरा असा खुलला होता, जसा मी घरात कधीच पाहिला नव्हता, आणि क्षणभर मलाही बरं वाटलं. त्या बरं वाटण्याबद्दल मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.